माझ्या मापाचं प्रेत

सुलूताईंनी पहिल्याच भेटीत मला प्रेत केलं. श्रीवर्धनला त्यांच्या सुपारीच्या वाडीशी गाडी लावून मी कुंपणाचं बेडं, म्हणजे फाटक, उघडतोय, तोच आतून आवाज आला, "नागावचे शेठ ना? बरे वेळेवर आलात. या दोन झाडांच्या मधे जरा आडवे व्हा."

"आडवं म्हणजे?"

"म्हणजे मेल्यासारखे."

मोठ्या कामाची बोलणी करायला जाताना मी पांढरा शर्ट घालतो. तो घालून मी ओल्या मातीत, पाण्याच्या पाटाच्या कडेला, उताणा पडलो. आजवर कुणाच्या सांगण्यावरून मी साधा उभा राहिलेलो नाही, पण या बाईंच्या आवाजात समोरचा नाही म्हणेल अशी शक्यताच नव्हती. मी डोळे मिटून घेतले, तर लगेच ओरडा आला. "डोळे उघडे. मेलेला माणूस स्वतःचे डोळे मिटत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी मिटायचे असतात." मग त्या मांडीवर फळी घेऊन चित्र काढत बसल्या. माझ्या कॉलरमधून मुंग्या फिरत होत्या आणि वर सुपारीचे शेंडे हलत होते. उठल्यावर त्यांनी कागद दाखवला. पोट जरा कमी दाखवलंय, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "उपकार समजा."

मी कोण ते सांगायला हवं. नागावच्या किनाऱ्यावर शहाळी विकून मी सुरुवात केली. मग वाड्यांचे मक्ते घेतले, बंगले भाड्यानं लावले, मुंबईचे शूटिंगवाले यायला लागले तसे त्यांना बंगले, होड्या, माणसं पुरवायला लागलो. भाव करणं हीच माझी शाळा. दुसऱ्यांच्या सिनेमाला खुर्च्या पुरवून कंटाळा आला, तेव्हा ठरवलं की एक सिनेमा आपला काढायचा. गोष्ट खुनाची होती. दिग्दर्शक निहार, मुंबईचा तरुण, हुशार, पण त्याला कागदावर दिसल्याशिवाय काही सुचत नसे. सिनेमा काढण्याआधी तो चौकटी-चौकटीत चित्रांत काढून ठेवतात, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. निहार म्हणाला, "शेठ, पहिली पाच मिनिटं जमली तर पिक्चर चालेल. आणि ती पाच मिनिटं एकच बाई काढू शकते."

ती बाई म्हणजे सुलूताई. मुंबईत जाहिरातींच्या कंपन्यांसाठी त्यांनी जन्मभर असले स्टोरीबोर्ड काढले होते. साबण, बिस्किटं, चहा. "उतू जाणारं दूध मी इतक्यांदा काढलंय," त्या म्हणत, "की खरं दूध उतू गेलं तरी मी आधी पेन्सिल शोधते, गॅस नंतर." वडील गेल्यावर वाडी बघायला त्या एकट्याच श्रीवर्धनला परतल्या. लग्न केलं नव्हतं. केसांच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल, आणि ती पेन्सिल त्या अडकित्त्यानं कातरत. त्याच अडकित्त्यानं सुपारी. पुष्कळदा तोंडात सुपारीबरोबर लाकडाची चोय जायची आणि त्या निवांत थुंकून पुढं बोलत राहायच्या.

कामाची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. काढलेला प्रत्येक कागद त्या झाडांना बांधलेल्या सुंभाच्या दोरीवर कपड्यांचे चिमटे लावून टांगत. मग आपण दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. हाच सिनेमा. त्या पायरीवर बसून आपल्या चालण्याकडे बघत. कुणी एखाद्या चित्राशी रेंगाळला, की तिथं काहीतरी कळत नाहीये. भराभर पुढं गेला, की तिथं कंटाळा आहे. वाडीत येणारा प्रत्येक जण, दूधवाला काय नि टपालवाला काय, त्या दोरीच्या कडेनं चालून गेलेला. आणि प्रत्येक चित्रापाशी त्यांचा एकच प्रश्न असे, "इथं कोण बघतंय? कुणाचे डोळे आहेत हे? कुणाचेच नसतील तर फाडून टाका."

आमच्या सिनेमाची सुरुवात त्यांनी वाडीतच बांधली. सुपारी उतरवणारा गडी एका झाडावर चढतो, सुपारी काढून झाली की खाली उतरत नाही, झाडाला झोका देतो, शेंडा वाकवतो आणि पलीकडचं झाड धरून त्यावर जातो. असा वरच्या वर तो सगळी वाडी फिरतो. मागच्या मोठ्या वादळात निम्म्या वाड्या आडव्या झाल्या, तशी हे करता येईल इतकी जवळजवळ झाडं आता फार थोड्या ठिकाणी उरली आहेत. सुलूताईंच्या वाडीचा पाटाकडचा कोपरा त्यातला एक. त्यांनी काढलं ते असं: गडी वर आहे, खाली खून होतो, तो बघतो. आणि खाली उतरायच्या ऐवजी झोका घेऊन पुढच्या झाडावर निघून जातो. सिनेमा तिथून सुरू.

हे काम गणूनं करायचं ठरलं, कारण असा झोका घेणारा त्या भागात तोच. गणू दोरीच्या कडेनं चालत शेवटच्या चित्रापाशी आला आणि थांबला.

"ताय, ह्यो मीच काय?"

"तूच."

"मंग मी न्हाय करनार."

"का रे? पडशील म्हणून?"

"पडाचा कशाला? पन लोकं काय बोलतील? गणूनं बघलान नि गेला. माझ्या पोरींना शाळेत चिडवतील."

"अरे, तो तू नाहीस. तो सिनेमातला."

"तोंड तर माझाच हाय ना?"

निहार त्याला समजवायला लागला, मी जास्त मजुरीचं बोललो. सुलूताईंनी आम्हा दोघांना हातानं गप्प केलं. बराच वेळ त्या सुपारी कातरत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. तोंड नको. पाय दाखवते." आणि त्यांनी सगळी सुरुवात नव्यानं काढली, खालून. जमिनीवर पडलेल्या माणसाच्या उघड्या डोळ्यांनी. वर उंच खोडाला धरलेले पायांचे दोन तळवे, पायात अडकवलेली चढायची दोरी. तळवे थांबतात. एक श्वास घेण्याइतके. मग झाड वाकतं, आणि तळवे दिसेनासे होतात. फक्त हलणारा शेंडा उरतो.

गणू पुन्हा चालला. या वेळी न थांबता, न धावता. टोकाला जाऊन म्हणाला, "आता ह्यो कोनीबी आसंल."

"हेच तर हवंय," सुलूताई म्हणाल्या.

मला मात्र ते पटलं नाही. माझे पैसे, माझा सिनेमा आणि सुरुवातीला कुणाचं तोंडच नाही, नुसते तळपाय? त्यातून अठरा चित्रं. प्रत्येक चित्र म्हणजे शूटिंगचा वेळ. मी माझ्या पद्धतीनं सुरू झालो. "ताई, अठराची दहा करा. पायाची दोन पुरेत. शेवटी तो खाली येऊन मारामारी करू दे. लोकांना काहीतरी बघायला पाहिजे."

त्या दिवशी वाडीत निहारची सगळी मंडळी होती. सुलूताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शेठ, नारळ कसा, कानाशी हलवून घेता, तसं तुम्ही चित्र कानाशी हलवून बघता. आत पाणी किती ते. ह्यात पाणी नाही हो, कशाला हलवताय?"

मंडळी हसली. गणूही हसला. मी शिव्या घालून माणसं कामावरून काढलेली आहेत, पण त्या दिवशी मी काही बोललो नाही, आणि माझ्या बाबतीत न बोलणं हे बोलण्यापेक्षा वाईट. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला चारचौघांत हे ऐकवायची काय गरज होती? ते मला अजून लागतं. आज त्या नाहीत, तरी लागतं. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागलो, तेही निहारच्या तोंडून.

त्यांना काही फरक पडल्याचं दिसलं नाही. निरोपाला निरोपानं उत्तर येई. "शेठना सांगा, अठराची सतरा केली. एक झाड त्यांच्या रागापायी तोडलं." एकदा त्यांनी वाडीतली केळी पाठवली आणि वर कागदावर चित्र, मी केळ्यांच्या घडाशी भाव करतोय. मी केळी खाल्ली. चित्राबद्दल काही कळवलं नाही.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. शेवटचं म्हणून, चित्रं कमी करण्यावरून मीच भांडायला निघालो. गाडीत सगळी वाक्यं जुळवली. दुपार होती. बेड्याशी पोचलो तर दोरीवर चित्रं लटकलेली आणि सुलूताई पाटाकडच्या कोपऱ्यात, एका सुपारीला दोन्ही हातांनी धरून उभ्या. कपाळ खोडाला टेकलेलं. मला वाटलं, पुन्हा काहीतरी बघतायत. मग त्यांचा एक हात पोटाशी गेला आणि त्या तशाच खाली बसल्या, हळूहळू, जसं कुणी ओझं उतरवतं. चेहरा घामानं चकचकीत होता. त्यांनी मला पाहिलं नाही.

मी पाहिलं. हातात फोन होता, पलीकडून कुणीतरी बंगल्याचं काही विचारत होतं. तेवढ्यात माझ्या डोक्यात जे आलं ते मला नीट आठवतं. आत गेलो तर विचारावं लागेल, ताई, बरं वाटत नाही का? विचारलं की गाडीत घालून न्यावं लागेल. नेलं की काम थांबेल, काम थांबलं की तारखा जातील. आणि मी तर भांडायला आलो होतो, आजारी माणसाशी कसं भांडणार? शिवाय मनात ते नारळाचं होतंच. उद्या येऊ, असं म्हणून मी बेडं न वाजवता लावलं आणि गाडीत बसलो.

उद्या मी गेलो नाही. परवा निहारकडं चित्रं पोचली, सगळी, पूर्ण. वर निरोप होता, "शेठना म्हणावं, प्रेत त्यांच्या मापाचं काढलंय, उंची बदलू नका. डोकं पाटाशी, पाय दुसऱ्या खोडाला." मला बरं वाटलं. म्हणजे त्या ठीक आहेत, असं मी धरून चाललो. धरून चालणं सोयीचं होतं.

त्यांच्या पोटातलं दुखणं जुनं होतं, हे त्यांच्या भाचीकडून नंतर कळलं. भाचीच त्यांना मुंबईला घेऊन गेली. तिथं फार दिवस निघाले नाहीत. ती फोनवर म्हणाली, "आत्या कुणाला सांगतच नव्हती. आधी चित्रं पुरी होऊ देत म्हणायची." फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा आला तो राग. सांगायला काय झालं होतं? एवढी तोंडाळ बाई, माझ्या नारळावर बोलायला जीभ होती, आणि हे एवढं सांगायला नव्हती? मी आणखी चार जणांना असंच म्हणालो. चौघांनीही मान डोलावली. पण दुखणं मी बघितलं होतं, हे त्या चौघांना माहीत नव्हतं. त्यांचे डोळे कुणी मिटले, हे भाचीला विचारायचं माझ्या तोंडावर कितीदा आलं, पण विचारलं नाही.

शूटिंग थंडीत झालं, त्यांच्याच वाडीत, भाचीच्या परवानगीनं. सतराच्या सतरा चित्रं. मी एकही कमी करायला सांगितलं नाही आणि निहारनं मला त्याचं कारण विचारलं नाही. दोरी पुन्हा बांधली, चित्रं पुन्हा चिमट्यांनी टांगली, कॅमेरावाला मुलगा तिच्या कडेनं चालून आला.

प्रेताचं काम करायला ठरवलेला नट आला, पण बुटका निघाला. डोकं पाटाशी ठेवलं तर पाय खोडापर्यंत पोचेनात, आणि खालून बघणारा कॅमेरा डोक्याशी, पाय चौकटीत येतील अशा मापानं बसवलेला. ऊन उतरायला लागलं. निहार घड्याळाकडे, मग माझ्याकडे बघायला लागला. "शेठ, लाइट जा रहा है. आता तुम्हीच झोपा. बोर्डवर तसेही तुम्हीच आहात."

मी पांढरा शर्ट घातला होता. पडलो. डोकं पाटाशी, पाय दुसऱ्या खोडाला, बरोबर बसलं. डोळे उघडे ठेवले. त्यासाठी कुणाला ओरडावं लागलं नाही.

वर गणू चढत गेला. खालून माणूस दिसतच नाही, हे मला तेव्हा कळलं. दिसतात ते फक्त दोन तळवे, मातीनं काळे पडलेले, आणि त्यांना बांधलेली दोरी. ते तळवे वर गेले आणि थांबले. ताईंनी गणूला एक श्वास थांब म्हणून सांगितलं होतं. तो त्याहून जास्त थांबला असावा, किंवा मला तसं वाटलं. तो मला बघतोय, हे मला कळत होतं. मी इथं पडलोय हे त्याला दिसतंय, हेही कळत होतं. मग झाड वाकलं, तळवे गेले, आणि माझ्या डोळ्यांसमोर नुसता शेंडा हलत राहिला. पुढे, मागे, पुढे. ते हलणं थांबायला बराच वेळ लागतो.

निहार "कट" म्हणाला. टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, काय सुरुवात आहे. मी उठलो नाही. मंडळी कॅमेऱ्याभोवती जमली, त्यांना आधी चित्र बघायचं होतं.

गणू पलीकडच्या झाडावरून उतरला, पायातली दोरी सोडून हातात घेतली आणि पाट ओलांडून सरळ माझ्याकडे आला. माझ्यावर वाकला. त्याच्या अंगाला सुपारीच्या ओल्या सालीचा वास येत होता.

"काय झाला, शेठ?" तो म्हणाला. "बरा न्हाय काय वाटत?"