खुर्चीत कोसळणारे आजोबा

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट शहरात वृद्धांच्या ज्या रेस्ट होममध्ये मी नर्स होते, तिथे नव्वदी ओलांडलेले एक फ्रेंच आजोबा राहायचे. लहानपणी पॅरिसमध्ये त्यांनी मूकपटांत कामं केली होती, बहुतेक सगळी धडपडण्याची. कुणी 'किया ओरा' म्हणून तिथला माओरी नमस्कार केला तरी तोंडाने उत्तर नाही, नुसती भुवई उडवायचे. रोज चहाच्या वेळी ते नसलेल्या सतरंजीला अडखळायचे, हात हवेत फिरवायचे आणि बरोबर आपल्या खुर्चीत कोसळायचे. आम्ही टाळ्या वाजवल्या की छातीवर हात ठेवून वाकायचे.

त्या दिवशी सगळ्यांत जोरात टाळ्या माझ्या होत्या. "आज तर कमालच केलीत, आजोबा!" असंही मी ओरडले. ते वाकले, पण जरा उशिरा.

संध्याकाळी गोळ्या द्यायला गेले, तर त्यांनी उजवा हात पांघरुणात दडवला. मी तो हळूच बाहेर काढला. मनगट टम्म सुजलं होतं.

"आज खरंच पडलो, सिस्टर," ते मान खाली घालून म्हणाले. "तरी टाळ्या घेतल्या. माफ कर."

मी मनगटावर बर्फ धरला. नर्स मी होते, आणि माफी ते मागत होते.