खालची बाजू

काचेच्या दुकानात तिला सगळे पैलवान म्हणायचे. आधी चिडवायला म्हणत, मग सवयीने, आणि कोपऱ्यातलं लोखंडी कपाट तिने एकटीने सरकवलं त्या दिवसापासून जरा अदबीने. तिलाही ते नाव मनापासून आवडायचं. आरशात स्वतःचे दंड बघून खूश होणारी माणसं जगात कमी नाहीत, पण हिच्या कामाच्या जागी चारी भिंतींना आरसेच टेकलेले, त्यामुळे हिची चैन होती.

तिचा बाप त्याच दुकानात मोठ्या काचा वाहायचा. अशी काच जिन्यातून वर न्यायला दोन माणसं लागतात. वरचा पाठमोरा चढतो, त्याला पायऱ्या दिसत नाहीत. खालचा समोर बघत चढतो, बहुतेक सगळा भार त्याच्यावर येतो, म्हणून हुकूमही त्याचाच. उचल, चल, थांब, टेकव. काच हातात असताना अहोजाहोला वेळ नसतो, वर खुद्द मालक असला तरी त्याने ऐकायचं. बापाने उभं आयुष्य खालची बाजू सांभाळली होती. आता त्याचं उजवं मनगट कुरकुरायला लागलं होतं.

मालक तोंडाचा फटकळ, पण मनाने वाईट नव्हता. त्याने बापाला सरळच सांगितलं, "थंडी संपायच्या आत खालच्या बाजूचं काय ते ठरवा. नाहीतर जिन्याची कामं मी बाहेरच्यांना देतो आणि तुम्ही कापायच्या टेबलावर बसा."

टेबलावर बसणं म्हणजे बापाच्या लेखी घरी बसणंच. आणि पैलवानला खालची बाजू हवी होती. नुसती हवी नव्हती, ती आपलीच आहे आणि बाप उगाच अडवून बसलाय, अशी तिची ठाम समजूत होती. बापाने तिला खाली उभं करायला सुरुवात केली, पण हुकूम वरून स्वतःच द्यायचा. पाठमोरा, मान वळवत, अंदाजाने. भार लेकीचा आणि तोंड बापाचं, असा तो उफराटा कारभार होता.

घरी पहाटे वेगळीच गंमत. पैलवान वाळूची गोणी खांद्यावर घेऊन इमारतीचा जिना चढायची आणि उतरायची, मग गच्चीच्या दारावरच्या आडव्या गजाला लटकून अंग वर खेचायची. बाप त्याच वेळी दाराजवळ घोंगडी टाकून बसलेला असायचा, डोळे मिटून, दोन्ही हात पोटावर. आई लोकांचे कपडे उसवून शिवणयंत्रावर मापात बसवायची. ती म्हणायची, "एक गोणी उचलते, दुसरा गोणीसारखा बसतो. मधल्यामधे माझं झाडायचं राहतं."

बाप सांगायचा, "श्वास हळूहळू खाली सोडत गेलं की बेंबीखाली ऊब जमते. ती जमली की हाताला घाई राहत नाही."

"ऊब हवी तर स्वेटर घाला ना, बाबा," पैलवान म्हणायची आणि पुन्हा गोणी उचलायची.

मग एके दिवशी एका शिंप्याच्या माडीवर काच न्यायची होती. जिना अरुंद. वळणावर पैलवानने दात आवळले, श्वास कोंडला आणि सगळा जोर लावून आपली बाजू वळवली. वरच्या बाजूला बाप अजून सरळच होता. काचेला पीळ बसला आणि ती हातातल्या हातात तडकली. एक लांबट तुकडा बापाची बाही फाडून हात चिरून गेला. दवाखान्यात टाके घातले. मग तिथल्याच बाकावर बसून बाप म्हणाला, "तू काच धरली नव्हतीस, दाबली होतीस. श्वास कोंडला की माणूस मूठ आवळतो. जोर कमी असता तर कदाचित वाचली असती."

जोर कमी असता तर! हे ऐकायला ती गोणी वाहत होती का? तिला बापाचा राग आला, आणि त्याच्या पट्टीकडे बघून त्याहून जास्त स्वतःचा. दुसऱ्या दिवशी ती गोदामात त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "शिकवा," एवढंच म्हणाली.

बापाने तिला गोदामातल्या एका गार काचेसमोर उभं केलं. "नाक काचेजवळ आण. वाफेचा ठिपका दिसतो का? तो बघत राहा. दुसरं काही करायचं नाही."

पैलवानचा ठिपका उमटायचा तो फाटकाच, कधी मोठा, कधी नुसता शिंतोडा. डोक्यात शिंपी, बाही, टाके, मालक. काही न करणं इतकं अवघड असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण हट्टी होती. रोज दुकान उघडायच्या आधी ती तिथे जाऊन उभी राहायची. हळूहळू ठिपका गोल व्हायला लागला, सावकाश यायचा, सावकाश विरायचा. आणि एका सकाळी बेंबीखाली खरंच ऊब जाणवली. तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले आणि ठिपका बिघडला.

झालं. बाईसाहेबांना दुसरं वेड लागलं. गोणी जिन्याखाली धूळ खात पडली. पहाटे बापाशेजारी दुसरी घोंगडी आली. चालणं हळू, बोलणं हळू, जेवणसुद्धा असं की आईला वाटलं पोरीला कावीळ झाली. "आता घरात दोन गोण्या," आई म्हणाली. पैलवानने तिच्याकडे बघून मंद स्मित केलं, तेव्हा आईचं डोकंच फिरलं.

परीक्षा व्हायची ती झालीच. काम साधंच होतं, दुसऱ्या मजल्यापर्यंतचं. पहिला मजला झाला आणि पैलवानच्या मांड्या भरून आल्या. मन अगदी शांत होतं. शांतपणे तिचे गुडघे लटपटत होते. "बाबा, टेकवा," तिला म्हणावं लागलं, तेही भर जिन्यात, जिथे काच टेकवायची नसते. खालचा काठ पायरीवर टवका उडवून बसला. काच वाया गेली. दुकानात मालकाने फक्त कॅलेंडरकडे बघितलं.

त्या संध्याकाळी तिने घोंगडी गुंडाळून बापापुढे आपटली. "गोणी उचलली तरी फुटते, नाही उचलली तरी फुटते. तुमच्यासारखं नुसतं बसून मला नाही जमणार."

"नुसतं बसून?" बाप हसायलाच लागला. "अगं, मी दिवसभर काचा वाहायचो. अंगाचा व्यायाम कामावर फुकट व्हायचा. सकाळी तेवढं बसायचं राहिलेलं असायचं, म्हणून बसायचो. तू माझी सकाळच बघितलीस. दिवस बघितलाच नाहीस."

 पैलवान उठली आणि जिन्याखालून गोणी ओढून आणली.

दुसऱ्या पहाटेपासून तिने दोन्ही एकत्र बांधली. आधी घोंगडीवर बसणं, ऊब जमेपर्यंत. मग गोणी खांद्यावर, तोंड मिटून, नाकाने श्वास घेत जिना. वळणावरच्या खिडकीपाशी थांबायचं, गोणी खांद्यावरच, आणि काचेवरचा ठिपका बघायचा. फाटका असला तर गोणी खाली आणि पुन्हा बसायचं. गोल असला तर वर. अंग तापल्यावर ठिपका गोल राखताना नाकी नऊ येत, पण तिने सोडलं नाही. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी आईकडे तक्रार केली, की तुमची मुलगी भल्या पहाटे खांद्यावर गोणी घेऊन आमच्या न्हाणीघराकडे टक लावून उभी असते. आईने त्यांची कशीबशी समजूत घातली आणि नंतर पोट धरून हसली. पण मुलीला एका शब्दानेही अडवलं नाही.

थंडी सरत आली तेव्हा वाचनालयाचं काम निघालं. तिसऱ्या मजल्यावरची दोन मोठी तावदानं. मालक स्वतः आला आणि जिन्याच्या तळाशी हाताची घडी घालून उभा राहिला. काम बिघडलं तर पुढचं कुणी सांगायला नको होतं. पहिली काच उचलली. नेहमीसारखा बाप वर, पाठमोरा. लेक खाली. हुकूम बापाचे.

दुसऱ्या वळणावर बापाचं मनगट गेलं. काच त्याच्या बाजूने खचली आणि सगळा भार पैलवानच्या अंगावर आला. हात आवळायला धावले. तिने त्यांना आवळू दिलं नाही. श्वास सोडला, अगदी खालपर्यंत, आणि मांड्या जागच्या जागी रोवल्या. गोणीनेच त्या तयार केल्या होत्या.

"थांब," ती म्हणाली. आवाज न चढवता.

बाप थांबला. त्याच्यापुढे गार काच होती आणि काचेजवळ लेकीचा चेहरा. तिथे वाफेचा ठिपका उमटला. गोल. सावकाश विरला. परत उमटला, पुन्हा तेवढाच. बाप ठिपका बघत राहिला. मग त्याने उजवा हात काढून मनगट झटकलं, पकड बदलली, आणि हुकूम द्यायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

"चल," पैलवान म्हणाली.

ती काच चौकटीत बसली. दोघं खाली आली तेव्हा मालक बापाला म्हणाला, "मग? खालच्या बाजूचं काय ठरलं?"

 बाप काचांच्या गाडीपाशी गेला, दुसऱ्या तावदानाच्या वरच्या टोकाला धरून जिन्याकडे पाठ करून उभा राहिला. वरच्या बाजूला आल्यापासून मान वळवून पायऱ्यांचा अंदाज घ्यायची त्याला खोड लागली होती. या वेळी त्याने मान वळवली नाही. पैलवान आपल्या जागी येऊन उभी राहिली आणि सवयीने हुकमाची वाट बघायला लागली. 

"काय बघतेस?" बाप म्हणाला. "मी थांबलोय ना."

तिने नाक काचेजवळ नेलं. ठिपका बघितला. गोल होता.

"उचल," ती म्हणाली, आणि बापाने उचलली.