काटाताई आणि पाच काळे डबे

आमच्या दुकानात तिला नावाने कोणी हाक मारत नाही. माघारी काटा, तोंडावर काटाताई. नव्या माणसाला वाटतं, बाई बोचते म्हणून काटा. बोचतेच, त्यात वाद नाही. पण नाव पडलं ते वजनकाट्यावरून. जिन्याखाली परत आलेला माल घ्यायचं जे टेबल आहे, तिथे ती एकोणीस वर्षं बसते आहे, आणि त्या टेबलावर तिने स्वतःच्या पैशांनी घेतलेला काटा आहे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका गोडबोल्या गृहस्थाने तिच्याकडे कॅमेरा परत दिला. खोका बंद, चिकटपट्टी जागच्या जागी, वर "ताई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून दुकानं चालतात" हेही ऐकवून गेला. खोक्यातून निघाल्या साबणाच्या चार वड्या. ते नुकसान वर्षभर तिच्या पगारातून कापलं गेलं. तेव्हापासून दुकानातली महाग वस्तू बाहेर पडण्याआधी तिच्या काट्यावर चढते, खोक्याच्या बुडाला पेन्सिलीने वजन लिहिलं जातं, आणि परत आली की पुन्हा चढते. चार-पाच ग्रॅमचा फरक तिला चालतो. लोक आतली पिशवी फेकून देतात, वायर बांधायची तार हरवतात. त्यापलीकडे गेलं की बाईच्या भुवया वर जातात आणि समोरच्याची खैर नसते. शेवटी ती जाडजूड वही ओढते, टेबलाला सुतळीने बांधून ठेवलेलं पेन उचलते, आणि 'परत करण्याचं कारण' या रकान्यात खरं कारण लिहिते. गिऱ्हाईक सांगतं ते नव्हे, खरं.

पेन सुतळीने का बांधलंय म्हणाल, तर तिचा आमच्यावरही विश्वास नाही.

मी वरच्या मजल्यावरचा विक्रीवाला. तोंडाची वाफ दवडून पोट भरणारा माणूस. मागच्या वर्षी मालकांनी एक नवीनच खूळ आणलं, दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवायचा गेमिंग कॉम्प्युटर. कंपनीनेच जोडून दिलेला. घरी न्या, टीव्हीला वायर लावा, सोफ्यावर पाय पसरा आणि खेळा. दिसायला बुटाच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा काळा डबा, आणि किंमत मात्र ज्या टीव्हीखाली ठेवायचा त्याच्या दुप्पट.

"पाच आणलेत," मालक म्हणाले. "तीन महिन्यांत पाचही गेले तर तो दर्शनी कोपरा कायमचा तुझा. नाही गेले तर कोपरा मोडायचा, आणि तू गोदामात."

गोदाम शहराबाहेर, दीड तासावर. पत्र्याची शेड, खोक्यांच्या थप्प्या आणि एक बहिरा रखवालदार. बोलून जगणाऱ्या माणसाला तिथे पाठवायचं म्हणजे जिवंतपणी तोंडाला कुलूप. मला रात्री जेवण गेलं नाही, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी डबे काट्यावर चढले. ताईंनी आकडा वाचला, "सहा किलो आठशे चाळीस," आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "कोण घेणार रे हे?"

"शौकीन लोक घेतील."

"शौकीन? ज्याला यातलं कळतं तो सुटे भाग आणून घरी जोडतो, तेही निम्म्या पैशांत. ज्याला कळत नाही तो याच्या वाटेला जाईलच कशाला? मधलं गिऱ्हाईक कुठेय ते मला दाखव."

"ताई, जरा शुभ बोला की!"

"शुभ बोलून माल खपत नाही. आणि एक विचारत जा प्रत्येकाला, घरात रिमोट कोणाच्या हातात असतो? हा डबा टीव्हीला लागतो ना? मग ज्याच्या हातात रिमोट त्याचाच टीव्ही. डबा घेणाऱ्याचा नव्हे."

असा राग आला म्हणता! तोंडाने काहीतरी पुटपुटत मी वर गेलो. पण बाईचं बोलणं कुसळासारखं आत रुतून बसलं.

पहिला डबा दातांच्या डॉक्टरने नेला. मी इतकं रंगवून सांगितलं होतं की तो माणूस पैसे देताना हसत होता. नवव्या दिवशी परत. "चालत नाही का?" मी विचारलं, तर इकडे बघ, तिकडे बघ. काटाताईंनी वजन केलं, तीन ग्रॅम कमी. मग हळूच विचारलं, "घरी संध्याकाळी टीव्ही कोण बघतं?" डॉक्टर म्हणाला, "आई. सात ते दहा मालिका. नंतर म्हणते, आता आवाज नको, झोपायचंय." रकान्यात गेलं: 'रिमोट आईकडे.'

पुन्हा पाचच्या पाच शिल्लक.

दुसरा नेला एका तरतरीत तरुणाने. मला ग्राफिक्स कार्डावर व्याख्यान देऊन गेला. आठव्या दिवशी हजर, "चालूच होत नाही, बोगस माल!" डबा काट्यावर चढला. नव्वद ग्रॅम कमी. ताईंनी स्क्रू काढले, झाकण उचललं. ग्राफिक्स कार्डाच्या जागी कागदात गुंडाळलेला फरशीचा तुकडा होता.

"न्हाणीघरातली दिसते," ताई म्हणाल्या. "तिथे आता भोक पडलं असेल ना?"

पोरगा डबा बगलेत मारून जो पळाला तो परत दिसला नाही. म्हणजे पहिलं टिकाऊ गिऱ्हाईक मिळालं तेही चोर. पण विक्री ती विक्री. चार उरले.

मग आले ड्रायव्हरकाका. छत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, कमरेला पट्टा, आवाज असा की मागच्या सीटवरचाही दचकेल. त्यांनी डबा बघितला, किंमत बघितली आणि विचारलं, "यावर गाडी चालवायचा खेळ चालतो का? स्टिअरिंग लावून?"

ताई खालून वर आल्या. एवढा म्हातारा, एवढी महाग वस्तू, रोख व्यवहार. त्यांच्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. "काका, कोणासाठी नेताय?"

"माझ्यासाठी."

"रिमोट कोणाच्या हातात असतो?"

"कोणाच्या असणार? घरात मी आणि भिंती."

"सुटे भाग आणून जोडता आला असता की. स्वस्त पडतं."

"बाई, मी बस चालवली, बस बांधली नाही."

काका डबा घेऊन गेल्यावर ताई मला म्हणाल्या, "याच्या मागे कोणीतरी आहे. लिहून ठेव. चौदाव्या दिवशी येतो की नाही बघ." आमच्याकडे माल परत घ्यायची मुदत पंधरा दिवस.

आणि काय सांगू, चौदाव्या दिवशी काका खोका घेऊन दारात! ताईंनी खोका घेतला आणि काट्यावर ठेवला. सातशे ग्रॅम. नुसतं सातशे! ताईंचा आवाज चढला. भर दुकानात, दहा लोकांदेखत, "लाज नाही वाटत या वयात? सहा किलो माल गिळला कुठे?"

काका म्हणाले, "अहो, रिकामा खोका आहे. घरात अडगळ होते. आमच्या डेपोत रिकामी खोकी मोजून परत घ्यायचे, म्हणून आणला. डबा घरीच आहे, चालतोय झकास." आणि खोका तिथेच ठेवून, कमरेवर हात देऊन, हळूहळू पायऱ्या उतरून निघून गेले.

एवढ्या वर्षांत ताईंचा चेहरा असा उतरलेला मी बघितला नव्हता. दुकान बंद करताना म्हणाल्या, "पत्ता आहे ना त्यांचा? चल माझ्याबरोबर. एकटीला धीर होत नाही."

काकांनी दार उघडलं, आत घेतलं, झाल्या गोष्टीचा उच्चारसुद्धा नाही. दोन खोल्या. सोफ्यासमोर स्टुलावर स्टिअरिंग बांधलेलं, टीव्हीवर कुठल्यातरी अनोळखी गावचा रस्ता, आणि काका बस चालवत होते. थांबा आला की थांबायचे. दारं उघडायचे, माणसं चढेपर्यंत वाट बघायचे, आरशात बघून मगच गाडी काढायचे. ताई अर्धा तास उभ्याच.

"काका, चुकलं माझं," शेवटी म्हणाल्या.

"बसा हो. मीही म्हाताऱ्या बाईला एकदा थांब्यावर सोडून गाडी काढलेली आहे. अजून आठवते."

परत येताना कोपऱ्यावर आल्यावर बाई म्हणाल्या, "मधलं गिऱ्हाईक हे. कळतंय पण जोडायचं नाही, वेळ आहे, आणि रिमोट ओढायला कोणी नाही. पण असे आहेत किती?"

होते दोन. काकांच्या डेपोतले दोन मित्र काकांकडे चहाला गेले आणि पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आले. चार डबे गेले. पाचवा मात्र कोपऱ्यात ठाण मांडून बसला. महिना गेला. येणारे जाणारे हात लावायचे, किंमत वाचायचे आणि हात असा काढून घ्यायचे की जणू विस्तवाला लागला. मुदत संपायला चार दिवस राहिले तेव्हा मी नको ती गोष्ट केली.

माझा मेहुणा साधा माणूस, रंगारी. त्याच्या हातात पैसे दिले. पैसे माझे म्हणजे घरासाठी ठेवलेले, आणि बायकोला, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीला, पत्ता नाही. म्हटलं, "तू फक्त ये, डबा घे, दोन आठवड्यांनी परत दे. मुदत उलटली की मागचं कोण बघतंय?" तो म्हणाला, "भावोजी, अंगाशी येईल." मी म्हटलं, "तू रंग दे, मला विकू दे."

पाच झाले. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. कोपरा माझा झाला.

तेराव्या दिवशी मेहुणा डबा घेऊन आला. मी काळजी घेतली होती बरं का. चिकटपट्टी कापली होती, खोक्याचा कोपरा चेपला होता. डबा मात्र पिशवीतून काढला नव्हता. ओरखडा पडला तर पैसे कापले जातील ही भीती. ताईंनी काट्यावर ठेवला. मी शेजारी उभा, उगाच.

"सहा किलो आठशे चाळीस."

"बरोबर आहे ना, ताई? ग्रॅमचाही फरक नाही," मी म्हणालो.

"हो ना," ताई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांत असा माल परत आला नाही. पिशवी आहे, तार आहे, ओल शोषणारी पुडीसुद्धा आहे. वापरणाऱ्या माणसाच्या हातून चार ग्रॅम तरी सांडतात." मग मेहुण्याकडे वळल्या. "का परत करताय?"

"आवडला नाही," मेहुण्याने मी पढवलेलं म्हटलं.

"घरात रिमोट कोणाच्या हातात असतो?"

हा प्रश्न मी पढवला नव्हता. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि त्या भल्या माणसाच्या तोंडून खरंच बाहेर पडलं.

"आमच्याकडे टीव्हीच नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. ताईंनी वही पुढ्यात ओढली. पेन त्यांच्या कोपराशेजारी, सुतळीला लोंबत होतं. त्यांनी टेबलावर इकडेतिकडे हात फिरवला.

"पेन कुठे गेलं कोण जाणे," त्या म्हणाल्या. "सापडायला दहा मिनिटं तरी लागतील. मी लिहीन ते खरंच लिहीन, तुला माहीत आहे."

मी पेनाकडे बघितलं. त्यांनी नाही बघितलं. मी जिना चढलो.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलाचा खण उघडून बिल काढलं. "मेहुण्याच्या बिलावर फोन नंबर तुझा घातलास, गाढवा. मी कालच बघितलं. बघत थांबलो होतो, आधी कोण वर येतं, तू की काटा. ती आली असती तर तू आज घरी बसला असतास." बिल पुन्हा खणात गेलं. "चार म्हणजे चार. एक तारखेपासून गोदाम."

पाय ओढत खाली आलो. मेहुणा पैसे घेऊन गेला होता. ताई पुढच्या गिऱ्हाइकाचा मिक्सर काट्यावर ठेवत होत्या, मान वर केली नाही.

"पेन सापडलं?" मी विचारलं.

"सापडलं."

वही उघडीच होती. रकान्यात माझं नाव नव्हतं, खोटंही काही नव्हतं. लिहिलं होतं: 'घरात टीव्ही नाही.'