बिनमिठाचा रस्सा

काकींचे पाय सुजले होते, आणि त्यात कुणाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मोठा रस्ता जिथे जुन्या किल्ल्याकडे वळतो, तिथल्या लॉजच्या स्वयंपाकघरात ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून उभी आहे. नवरा गेला तरी उभी, मोठ्या दिरांच्या मुली सासरी गेल्या तरी उभी. त्या मुली काकी म्हणायच्या म्हणून दीरही काकी म्हणू लागले, मग वाढपी, मग दूधवाला, आणि आता गाडीतून उतरणारा कुणीही सोम्यागोम्या दारातूनच विचारतो, काकी, आज काय केलंय?

खाली खानावळ, वर मुक्कामाच्या खोल्या, मागे किल्ला आणि नदीवरचा दगडी पूल. माणसं म्हणायला किल्ला बघायला येतात. खरं तर येतात ती काकींच्या मटणाच्या रश्शासाठी. किल्ल्याचं काय, तो पडकाच; भूक लागेपर्यंत हिंडायला बरा.

डॉक्टरांनी महिनाभर पाय वर घेऊन पडून राहायला सांगितलं होतं. शहरातल्या धाकट्या बहिणीने तर खोली झाडून पलंग घालून ठेवला होता. काकींना एवढंच हवं होतं, तिच्याकडे जाऊन पडायचं आणि दुसऱ्या कुणी केलेलं गरमागरम खायचं. दिरांना विचारलं की ते म्हणायचे, सीझन संपू द्या. आता सीझन कधी संपतो, तुम्हीच सांगा! उन्हाळ्यात शाळांच्या सहली, थंडीत म्हातारी जोडपी, पावसात ते गळ्यात कॅमेरे घातलेले. दीर वाईट नव्हते हो. कधी आवाज चढवला नाही की उणंदुणं काढलं नाही. पण नळ जसा मोरीपाशी असायचाच, तशा काकी चुलीपाशी असायच्याच, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या दिवशी सकाळी काकींनी पुन्हा विषय काढला. दिरांनी गल्ल्यावर बसून चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काकी, आपण खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं. असं अर्ध्यावर टाकून जायचं नसतं."

कुणाचं मीठ आणि कुणी खाल्लं! काकी आत आल्या, कांदा चिरायला घेतला, आणि त्यांचं डोकंच फिरलं. इतकी वर्षं या घरात मीठ घालतंय कोण? त्या दुपारच्या रश्शात त्यांनी मीठ घातलं नाही.

विसरल्या नाहीत, बरं का. बरणी हाताशीच होती. भातात नाही, भाजीत नाही, कशातच घातलं नाही. त्यांचा विचार सरळ होता. लोक तोंड वाकडं करतील, ताटं तशीच परत येतील, दीर चिडतील आणि म्हणतील, तुमच्याच्यानं आता होत नाही, जा बहिणीकडे. अपमान होईल, तर होऊ दे. तो पलंगावर पडूनही गिळता येतो.

दुपारी किल्ल्यावरून पेन्शनर मंडळींचा घोळका उतरला, घामाघूम आणि भुकेने कासावीस. काकी दाराआड उभ्या राहिल्या. पहिला घास गेला. एक आजोबा काहीतरी पुटपुटले, तर त्यांच्या बायकोने त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. आणि मग मंडळी जेवायला लागली. रस्सा पुन्हा पुन्हा मागितला की! एवढ्या नावाजलेल्या खानावळीत मीठ नाही म्हणायचं कुणी? आपणच गावंढळ ठरायचो. निघताना एक बाई मुद्दाम आत आल्या, काकींचे ओले हात हातात घेतले आणि म्हणाल्या की, ब्लडप्रेशरवाल्यांची इतकी काळजी कुठे कुणी घेतली नव्हती, मटणाची खरी चव आज कळली.

काकींना हसावं की रडावं तेच कळेना.

दीर नेहमीसारखे सगळ्यांच्या मागून जेवायला बसले. पहिल्याच घासाला त्यांचा हात थांबला. मान वर करून त्यांनी काकींकडे पाहिलं, चांगलं रोखून पाहिलं. आयुष्यभर हाच रस्सा खाल्लेला माणूस, त्याला कळणार नाही होय? बोला आता, त्या मनात म्हणाल्या, एकदाचं बोला. दिरांनी बरणी ओढली, चिमूटभर मीठ वरून घेतलं, मुकाट्याने जेवले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी काकी खाली उतरल्या तर प्रत्येक टेबलावर मिठाची एकेक नवी कोरी वाटी. वाढपी फडकं मारत होता. म्हणाला, मालकांनी ठेवायला सांगितल्यात, ज्याला लागेल तो घेईल.

काकी तिथेच गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसल्या. रागावले असते तर बरं वाटलं असतं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. उद्या नुसतं पाणी उकळून वाढलं असतं, तरी या माणसाने टेबलावर मसाल्याचा डबा मांडला असता, पण जा म्हटलं नसतं. कुणीतरी सोडेल म्हणून आपण वाट बघत राहिलो आणि उभा जन्म गेला, हे त्यांना लख्ख कळलं. फार दमल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

मग त्या उठल्या. वर जाऊन कपडे आणि औषधं पिशवीत भरली, एकेक पायरी उतरत खाली आल्या, गॅस बंद केला आणि दाराकडे निघाल्या. दीर गल्ल्यावरून उठून उभे राहिले. कुठे निघालात म्हणून विचारलं, तर बहिणीकडे, म्हणाल्या.

"अहो, पण दुपारी किल्ल्यावरून माणसं येतील," दीर म्हणाले. "त्यांना वाढायचं काय?"

काकींनी चपला पायांत सरकवून पाहिल्या. सुजल्या पायांना त्या होत नव्हत्या, म्हणून हातात घेतल्या.

"मीठ ठेवलंयत ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता बाकीचं तेवढं बघा."