लानच्या आईची अकरा मिनिटं

नाशिकहून निघाले त्या सकाळी आईने टॅक्सीच्या डिकीत बॅगा स्वतः लावून घेतल्या. वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुंबईपर्यंत यायला ती तयार नव्हती. विमानतळावर काचेपलीकडून हात हलवत उभं राहणं आपल्याला जमायचं नाही म्हणाली. नितीनला, माझ्या नवऱ्याला, सिंगापूरच्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम मिळालं होतं. मी सगळ्यांना सांगत होते तेच तिलाही सांगितलं, "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." ती म्हणाली, "वरची खोली तशीच ठेवते." टॅक्सी कोपऱ्यावर वळली तेव्हा ती फाटकाची कडी लावत होती.

तुमच्यापैकी जे असे निघालात आणि ज्यांनी मागे फाटक लावून घेतलं, त्या दोघांसाठी हे लिहितेय.

दोन वर्षांची चार झाली, मग सात. नितीन रोज एमआरटीच्या ट्रेनने चांगी बिझनेस पार्कला जायचा आणि आल्यावर सोफ्यावरच झोपायचा. कामाचे पास रिन्यू झाले, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, आमची मुलगी इरा शाळेत जायला लागली. आई फोनवर तिला विचारायची, "कधी येतेस गं?" ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणायची, "आज्जी, नाऊ कॅनॉट लाह, एक्झाम." आई हसायची. मग मला तोच प्रश्न विचारायची, आणि मी विषय बदलायचे.

मी पुण्यात फिल्म एडिटिंग शिकले होते. इथे क्लेमेंटीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून कंपन्यांचे ट्रेनिंग व्हिडिओ कापायचे. २०१४ साली लान भेटली ती अशाच कुणाच्या तरी ओळखीतून.

लान अमेरिकन होती, पण जन्म व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या एका गावातला. नऊ वर्षांची असताना आईबरोबर होडीतून पळाली. समुद्रात एका मालवाहू जहाजाने त्यांना उचललं आणि सिंगापूरला उतरवलं. इथल्या निर्वासितांच्या छावणीत काही महिने काढून त्या कॅलिफोर्नियाला गेल्या. आई एका लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. मुलीने फार्मसिस्ट व्हावं असं तिच्या मनात होतं. मुलीने अर्ध्यात कॉलेज सोडून कॅमेरा उचलला. पहिली डॉक्युमेंटरी नखं रंगवण्याच्या दुकानांत राबणाऱ्या व्हिएतनामी बायकांवर, दुसरी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कोळ्यांवर. माणसं बोलती होईपर्यंत ती त्यांच्याकडे आठवडेच्या आठवडे नुसती बसून राहायची, भाजी निवडायची, भांडी घासायची. वीस वर्षांत चार फिल्म झाल्या, एक लग्न मोडलं, कुठेही स्वतःचं घर झालं नाही. "मी कायम दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात असते," ती एकदा म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. दमली होती.

पाचवी फिल्म त्या छावणीवर होती. लानने आमच्या जवळच एक खोली घेतली. रोज सकाळी दहाला खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन यायची आणि आम्ही कामाला बसायचो. मला व्हिएतनामी येत नाही. ती शेजारी बसून एकेक वाक्य इंग्रजीत सांगायची, मी टिपून घ्यायचे.

तीन महिन्यांनी तिच्या आईची मुलाखत समोर आली. अकरा मिनिटं, एकच शॉट. आई टेबलाशी बसून लसूण सोलतेय आणि सोलता सोलता सांगतेय, की निघाले त्या दिवशी मी माझ्या आईला खरं सांगितलं नाही. म्हातारीला होडी झेपली नसती आणि सांगितलं असतं तर तिने मला सोडलं नसतं. बाजारात जाऊन येते म्हणाले. तिने येताना मीठ आणायला सांगितलं.

त्यानंतर त्या दोघींची भेट झाली नाही. लानने हे पहिल्यांदा ऐकलं ते कॅमेऱ्यामागे उभी राहून. सांगताना ती थांबली, आणि मी उगाचच हेडफोन काढून पुसत बसले. आपल्याकडेही निघताना "येते" म्हणतात. मीही तसंच म्हणून आले होते.

फिल्म त्या अकरा मिनिटांभोवती उभी राहिली. आणि काम संपत आलं तेव्हा कॅलिफोर्नियाहून तिच्या आईचा फोन आला. तिला ते फिल्ममध्ये नको होतं. आपण गेल्यावर काय ते दाखव म्हणाली. फिल्म घेणार होतं त्या टीव्ही चॅनलच्या लोकांनी कळवलं, तोच भाग फिल्मचा जीव आहे, तो हवाच. मीही लानशी भांडले. आठ महिन्यांचं काम होतं, आणि इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं.

लानने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या आयांना विचारून कॅमेरा लावला. त्या नको म्हणाल्या की बंद केला. माझी आई त्यांच्यापेक्षा कमी आहे का?"

मी तो भाग काढला. चॅनलने फिल्म घेतली नाही. पुढच्या वर्षी इथल्या एका छोट्या हॉलमध्ये ती दाखवली, तेव्हा तीसेक माणसं होती. पहिल्या रांगेत लानची आई, काठी घेऊन. फिल्म मला मधोमध पोकळ वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही लानच्या आईला छावणीच्या जागी नेलं. तिथे आता रस्ता आणि झाडं. ती काठी टेकत एका झाडापर्यंत गेली आणि परत आली. मग लानमार्फत मला विचारलं, तुझी आई कुठे असते? मी सांगितलं.

"तिला सांगून आलीस ना?"

मी हो म्हणाले. "मग बरं," ती म्हणाली आणि माझ्या दंडाला धरून टॅक्सीकडे चालू लागली. मी आईला दोन वर्षं म्हणून सांगून आले होते, ते मी तिला सांगितलं नाही.

दिवाळीत नाशिकला गेले. वरच्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर होती. आई दर आठवड्याला ती बदलत होती, गुडघे धरत जिना चढून, दहा वर्षं. दुसऱ्या दिवशी ती चकल्या तळत होती, तेव्हा मी ओट्याशी उभी राहून सांगितलं, "आई, आम्ही परत येणार नाही. तिकडेच मरीन परेडला फ्लॅट घेतोय."

तिने कढईतला घाणा काढला, दुसरा सोडला.

"मग वरची खोली भाड्याने देते," ती म्हणाली. "कितीजणी विचारून गेल्या. मी आपली नाही म्हणत बसले." जरा वेळाने म्हणाली, "आधी सांगायचं होतंस. माझे गुडघे तरी वाचले असते."

ती रडली नाही. मला रडू आलं, तर म्हणाली, तेल उडेल, बाजूला हो.

आता तिथे नर्सिंगला शिकणारी एक मुलगी राहते. आईचा बीपी तीच बघते, आणि पुष्कळदा फोनही तीच उचलते. नाशिकला गेले की मीच हॉलमध्ये गादी घालून झोपते. माझ्या कपाटात तिची पुस्तकं आहेत. लान पुन्हा अमेरिकेत आहे, आईजवळ. ती अकरा मिनिटं तिने जपून ठेवली असतील, मी विचारलेलं नाही. इराला शाळेत घर विषयावर लिहायला सांगितलं, तेव्हा तिने आमच्या नव्या फ्लॅटच्या बाराव्या मजल्यावरून दिसणारी जहाजं लिहिली. तिचं बरोबरच आहे.

मला कुणी विचारलं तर मी अजूनही नाशिकच म्हणते. पण आई आता कधी येतेस असं विचारत नाही. मी दारात चपला काढत असते आणि ती आतून विचारते, "किती दिवस आहेस?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लागलं होतं. आता मी खरा आकडा सांगते, आणि ती तेवढ्याच दिवसांचं जास्तीचं दूध सांगून ठेवते.