जीपमधला नसलेला वास

मिहिका, अर्णव — हे तुमच्या आजीने आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला नाही, आजोबांना तर नाहीच. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत लिहिताना मी स्वतःला नेहमी थोडी बरी करून घेते — शाळेपासूनची सवय. म्हणून मराठीत. बाबाकडून वाचून घ्या, म्हणजे त्यालाही कळेल.

आजोबांची जीप आठवते ना? हिरवी, धिप्पाड, चारही चाकांना जोर असलेली. पेट्रोलवर चालणारी — चालणारी कसली, पिणारी. त्यामुळे ती बहुतेक वेळ वाडीच्या तोंडाशी ताडपत्री पांघरून उभी असायची आणि आजोबा घरात असायचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मग आजोबांनी ठरवलं, जीप गॅसवर करायची. "पोरं सुट्टीत आली की रोज फिरवीन," म्हणाले, "अर्नाळा, तुंगारेश्वर, जव्हार. काट्याकडे बघत बसणार नाही." काम दिलं पास्कलकाकांना. आजोबांचे शाळेपासूनचे मित्र, नालासोपाऱ्यात गॅरेज, गॅसकिट बसवायची रीतसर परवानगी असलेलं.

त्या कामाने मला जो वैताग दिला, तो आजही आठवला की कपाळ दुखतं. गॅसची टाकी मागे बसवली, म्हणजे तुमचे समोरासमोरचे बाक गेले. स्टेपनी मागच्या दारावर गेली, मग दार लागेना. आरसी बुकात गॅसची नोंद करून घ्यायला खेपा माझ्या, कारण आजोबा रांगेत उभे राहिले की गप्पा मारतात आणि नंबर घालवतात. दर खेपेला एक कागद कमी. गाडी आधी पेट्रोलवर सुरू करायची, तापली की बटण दाबून गॅसवर घ्यायची — आजोबा नेमकं उलट करणार, आणि फाटकात उभी राहून ती आचके देणार. जवळ गॅसचा पंप नाही. चढण आली की दम. मी म्हणायचे, "वाघाला गवत खायला शिकवताय." त्यावर ते हसायचे. त्याने मी अजून चिडायचे.

आणि मग ती चालायला लागली. छान चालायला लागली. आजोबा रोज सकाळी बाहेर — कधी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, कधी नायगावच्या खाडीकडे, बरोबर पास्कलकाका. मला विचारायचे, "येतेस?" मी नाही म्हणायचे. मग राग कशाचा यायचा? खूप दिवस मी म्हणत राहिले की त्यांच्या वयाची काळजी वाटते. काळजी नव्हती ती. वेळेवर चहा, वेळेवर जेवण — माझं घर त्यांच्यावाचूनही वेळेवर चालत होतं, आणि त्यात मी एकटी बसले होते.

आता माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे राजेळी केळी उन्हात सुकवून सुकेळी करतात. ती कधी तयार झाली, हे सासूबाई माझ्या नाकाला विचारायच्या. दूध, तूप, फणस — सगळ्यांचा निकाल माझ्याकडे. आणि कोविडनंतर आजोबांना वास येणंच बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. त्यांच्या वाटणीचा वासही मीच घ्यायचे.

एका दुपारी मी आजोबांबरोबर जीपमधून आगाशीच्या बाजारात गेले होते. येताना मागून वास आला. कुजकट, ओळखीचा. मी म्हटलं, "अहो, थांबा. गॅस येतोय." त्यांनी विचारलंसुद्धा नाही, खरं का म्हणून. गाडी बाजूला घेतली, बंद केली, मला हाताला धरून लांब झाडाखाली नेऊन उभं केलं.

पास्कलकाका आले. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून वाकून बघत राहिले. "वयनी, एक बुडबुडा नाय. नाक भाड्याने द्या, गॅरेजात टांगतो."

"थट्टा नको," आजोबा म्हणाले. "हिला वास आला म्हणजे आला. परत उघड."

दुसऱ्या दिवशी मी जीपची मागची बाजू आवरायला गेले. तिथे खिळ्याला पांढऱ्या कांद्यांची माळ लटकत होती, मीच बाजारातून घेतलेली. मधला एक कांदा बोट लावताच आत गेला. वरून पापुद्रा कोरा, पांढरा — आतून पार सडलेला. तोच वास.

हसून सांगता आलं असतं, नाही का? आजोबा आयुष्यभर चिडवत राहिले असते. मी तो कांदा माळेतून कापला, केळीच्या बुंध्याशी पुरला, हात धुतले — आणि गप्प बसले.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही. पुढच्या आठवड्यात ते जव्हारला निघाले, तेव्हा मी दारात उभी राहून म्हटलं, "आजही येतोय हो वास." येत नव्हता. त्यानंतरही म्हटलं. ज्या ज्या सकाळी त्यांनी जाऊ नये असं वाटलं, त्या त्या सकाळी. गॅसला मुळात वास नसतो. माणसाला धोका कळावा म्हणून तो त्यात मुद्दाम घालतात. मीही घातला.

पास्कलकाकांनी नळी बदलली, व्हॉल्व्ह बदलला, टाकी उतरवून परत बसवली. शेवटी एक दिवस आमच्या ओटीवर बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत आजोबांना म्हणाले, "श्रीधर, माझा माझ्या हातावर भरोसा नाय राहिला." मी त्यांच्यापुढे सरबत ठेवलं. त्यांनी गॅसचं काम घेणं सोडलं. आमच्याकडे येणंही हळूहळू थांबलं. मित्राला पुन्हा काय तोंड दाखवायचं, असं त्यांना वाटलं असणार — त्यांना.

आजोबांनी जीप विकली. "पोरं आत असताना काही झालं असतं तर?" एवढंच म्हणाले. घेऊन जाणारा माणूस ती फाटकातून काढत होता, तेव्हा ते आत येऊन माझ्याबरोबर चहा प्यायले. वेळेवर. मला हवं होतं तसं.

त्या सुट्टीत तुम्ही आलात आणि धावत वाडीच्या तोंडाशी गेलात. रिकाम्या जागेवर ताडपत्रीची घडी होती. आजोबांनी कारण सांगितलं. अर्णव, तू माझ्या कमरेला मिठी मारून म्हणालास, "आजी, तू आम्हाला वाचवलंस." मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो.

आजोबा आता सकाळी घरीच असतात. पहिला चहा तेच करतात. शेगडीचं बटण फिरवण्याआधी रोज हाक मारतात, "अगं, बघ जरा, वास येतोय का?" मी जाते, वास घेते, सांगते, "नाही येत." ते सिलिंडरकडे बघत नाहीत, नळीकडेही नाही. माझ्या तोंडाकडे बघतात, आणि काडी ओढतात.