खडकावरच्या दोघी

इंदूरच्या ऑफिसातून माझी पोस्टिंग नर्मदेवरच्या धरणावर झाली, तेव्हा आई महूहून थेट सामान घेऊनच आली. "एकटी पोरगी जंगलात राहणार नं, मग मी कशाला महूत बसू," म्हणाली. वडील गेल्यापासून तिलाही घर खायला उठत होतं. आजोबा पलटणीत होते आणि त्यांची शिस्त आईच्या अंगात मुरलेली. सांगितलेला नियम ती कधी मोडायची नाही.

साइटच्या कॉलनीत एक नियम सगळ्यांना पाठ होता. काठावरचा डोंगर फोडायचं काम चालू होतं, दुपारी सुरुंग उडायचे. आधी सायरन व्हायचा. तो ऐकला की असाल तिथे आडोशाला बसायचं, डोकं खाली घालायचं आणि दुसरा सायरन होईपर्यंत उठायचं नाही. दगड लांबवर उडत. गेटवरचा चौकीदार नव्या माणसाला सगळ्यात आधी हेच सांगायचा.

मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या एका निमाडी बाईशी आईची गट्टी जमली. दुपारी दोघी नदीच्या पात्रात जाऊन बसत. पाणी वर धरणाने अडवलेलं, त्यामुळे खाली नुसते काळे खडक आणि मधून घोट्याएवढी धार.

वीज बनवायची पहिली मशीन पाण्यावर फिरवून बघायची होती, त्या दिवशी माझी ड्युटी पॉवरहाउसच्या मागच्या कठड्यावर होती. टर्बाइनमधून सुटलेलं पाणी तिथूनच नदीत जाणार होतं आणि पातळी किती चढते ते मला वॉकीटॉकीवर सांगायचं होतं. टेस्ट सकाळी ठरली होती. सकाळी चौकीदारांनी पात्र रिकामं करून घेतलं, मीही आईला "आत्ता नदीवर जाऊ नकोस" म्हणाले. पण टेस्ट कशात तरी अडकली आणि दुपार झाली; पात्र पुन्हा कुणी तपासलं नाही.

सायरन झाला. पायाखालचं काँक्रीट थरथरायला लागलं. मग पाणी आलं, मातकट, उकळल्यासारखं, आणि बघता बघता खडक बुडवत पुढे निघालं.

तेव्हा मला आईची निळी साडी दिसली. बरीच खाली, पात्राच्या मधोमध, एका खडकाच्या आडोशाला ती उकिडवी बसली होती. शेजारी मेसवाली बाई. दोघींची डोकी खाली.

या पळत का नाहीत, मला कळेना. मग कळलं. सायरन तोच होता. सुरुंगाशिवाय दुसरा कसला सायरन त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"मशीन बंद करो," मी वॉकीटॉकीवर म्हणाले. "नीचे लोग हैं."

"मॅडम, सायरन तो दे दिया था," कंट्रोल रूममधून उत्तर आलं.

"वो ब्लास्टिंग का समझ रहे हैं. मेरी माँ है वहाँ. बंद करो."

मशीन बंद व्हायला वेळ लागतो आणि सुटलेलं पाणी काही परत बोलावता येत नाही. मी पायऱ्या उतरून काठाकाठाने धावले. ओरडत होते, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. पोचले तोवर दोघी खडकाच्या माथ्यावर चढल्या होत्या, एकमेकींना घट्ट धरून. चारी बाजूंनी पाणी. काठावर एक कोळी होता, त्याने डोंगी सोडायला नकार दिला. "पलट जाएगी, दीदी," एवढंच म्हणाला, आणि ते खरंच होतं.

रस्त्याच्या कामावरचा पोकलेनवाला धावाधाव बघून खोदाईची मशीन घेऊन आला. काही न विचारता त्याने ती पाण्यात घातली. चाकांवरची चेन निम्मी बुडाली, मशीन एकदा बाजूला सरकली आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याने मशीनचा हात लांब करून बकेट खडकाला टेकवली होती. मेसवाली आत गेली. आई जाईना. पाण्याकडे बघायची आणि मागे सरायची. शेवटी मेसवालीने मनगट धरून तिला आत ओढलं. बकेट उचलली गेली, पाण्यावरून झुलत काठाशी आली. मला पुढे होऊन आईला धरताही आलं नाही. मी काठावरच खाली बसले होते.

पुढे पाण्यासाठी वेगळा भोंगा बसवला गेला. कुणाला काही झालं नव्हतं, म्हणून कुणी फारसं बोललं नाही.

त्याच आठवड्यात मी आईला घेऊन इंदूरच्या बसमध्ये बसले. बस मानपूरचा घाट चढून आली. तेव्हा आई म्हणाली, "तू दिसत होतीस मला तिथून. वर उभी होतीस, हेल्मेट घालून."

"कधी?"

"सायरन झाला तेव्हा. मेसवाली म्हणत होती, पाण्याचा आवाज येतोय, चलो दीदी. मी म्हटलं, बैठ जा. माझी मुलगी उभी आहे नं तिथे. काही असतं तर तिने सांगितलं नसतं का?"

ती हे रागाने म्हणाली नाही. मी तिचा हात धरला आणि इंदूर येईपर्यंत सोडला नाही.

नंतर मी बदली मागून घेतली. आता आम्ही दोघी राऊला राहतो. संध्याकाळी ती खाली फिरायला जाते, तेव्हा मी बाल्कनीत उभी राहत नाही. तिने वर बघावं आणि मला पाहून निर्धास्त व्हावं, याचीच मला भीती वाटते.